परवान्याचे पिस्तूल : झाकून बाळगण्याचा नियम आणि त्यामागील जबाबदारी

लग्नाचा मांडव असो, यात्रेतील कुस्त्यांचा फड असो अथवा गावची बैठक असो, जाकिटाच्या कडेखालून पिस्तुलाची मूठ चारचौघांना सहज दिसेल अशा बेताने वावरणारा एखादा गृहस्थ पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्याच्यापाशी परवाना आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याला कोणी हटकत नाही. परवाना मिळाला म्हणजे शस्त्र मिरविण्याची मोकळीक मिळाली, ही समजूत परवानाधारकांतच नव्हे, तर गावच्या पदाधिकाऱ्यांतही रूढ झालेली दिसते. कायदा मात्र नेमके याच्या उलट सांगतो. परवान्यावरील पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर सार्वजनिक ठिकाणी न्यावयाचे झाल्यास ते संपूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, आणि ते नेणाऱ्याचा त्यावर सदैव परिणामकारक ताबा असला पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. काही ठिकाणी तर ते झाकूनही नेता येत नाही. शाळा हे त्यांपैकी एक होय.

शस्त्र परवान्याचा विषय हा केवळ पोलिसांचा आणि जिल्हा कचेरीचा, असे मानण्याचा प्रघात आहे. तथापि, सभेला किंवा शाळेच्या आवारात शस्त्र आल्यास प्रथम प्रसंग येतो तो सरपंचावर आणि मुख्याध्यापकावर. यास्तव नियम काय आहे आणि तो तसा का आहे, हे त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

निःशस्त्रीकरणाचा इतिहास

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजी सत्तेने देशातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण अवलंबिले. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ मध्ये संमत झालेला शस्त्र कायदा हा त्या धोरणाचा कळस होता. या कायद्याखालील नियमांनी युरोपियनांना परवान्याच्या अटीतून सूट दिली होती. भारतीयास मात्र परवान्याखेरीज शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरत होता. शस्त्राच्या अभावापेक्षा हा भेदभावच सुशिक्षितांना अधिक झोंबला. राष्ट्रीय सभेने आपल्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता.

महाराष्ट्रात या कायद्याच्या छायेतच शस्त्रे लपविण्याचा एक वेगळा इतिहास घडला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या या बिनपरवाना शस्त्रांतील होत्या. नाशिकचे ब्राउनिंग पिस्तूल हे लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. परकीय सत्तेविरुद्धचा तो लढा होता आणि त्याचे मोल वेगळे आहे. मात्र स्वतंत्र भारतात, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीच्या प्रार्थनासभेत महात्मा गांधींवर चालविले गेलेले बेरेटा पिस्तूलही कपड्यांत दडवूनच आणलेले होते. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींची संमती नव्हती. मोकळ्या सभेला लपविलेल्या शस्त्रापासून किती धोका असतो, याचे याहून कठोर उदाहरण देशाच्या इतिहासात नाही.

१९३१ च्या कराची ठरावात राष्ट्रीय सभेने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत धरला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये हा प्रश्न पुन्हा निघाला. हरि विष्णु कामत यांनी हा हक्क संविधानात घालण्याचा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तो मान्य केला नाही. देशावर संकट आले असता शस्त्र धारण करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरू शकते. पण तो सर्वांचा मूलभूत हक्क ठरविल्यास चोरदरोडेखोरही त्याचा आधार घेतील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परिणामी संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आला तो एवढाच, की नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. सभा विनाशस्त्र असावी, हे तत्त्व अशा रीतीने संविधानातच ग्रथित झाले आहे.

१८७८ चा कायदा जाऊन त्याच्या जागी शस्त्र अधिनियम, १९५९ आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अंमलात आला. कायदा पाळणाऱ्या नागरिकाला योग्य कारणासाठी शस्त्र मिळणे सुकर व्हावे आणि समाजकंटकांच्या हाती ते पडू नये, अशी दुहेरी दृष्टी या अधिनियमामागे होती. काही समाजांना परंपरेने मिळालेली सूटही त्याखाली चालू राहिली. कर्नाटकातील कोडगू येथील कोडव समाजाला परवान्याच्या अटीतून असलेली सूट हे त्याचे ठळक उदाहरण असून २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली आहे.

परवाना कोणाला आणि कशासाठी

महाराष्ट्रात परवाना देणारा प्राधिकारी म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. अर्ज आल्यावर जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा अहवाल मागविला जातो. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण झालेले असले पाहिजे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास भोगलेल्या व्यक्तीस सुटकेनंतर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. मनोविकल व्यक्तीसही नाही. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण २०१६ च्या नियमांनी आवश्यक ठरविले आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची साधी बंदूक आत्मरक्षणासाठी, क्रीडेसाठी अथवा पिकांच्या रक्षणासाठी मागितली असेल, तर अधिनियमाचा कल परवाना देण्याकडे आहे. पिस्तूल व रिव्हॉल्वर या बाबतीत मात्र अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते. व्यवसायाच्या किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीविताला खरोखर धोका आहे काय, याची छाननी येथे होते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी पिस्तूल हवे, या मागणीला अर्थ नाही. त्या कामी पिस्तुलाचा उपयोगही होत नाही. शिवाय अभयारण्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकांवर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नोंदणीचे बंधन असते, हेही शेतकरी बांधवांनी विसरू नये.

अधिनियमातील एक तरतूद आवर्जून सांगण्याजोगी आहे. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येत नाही. पिस्तूल म्हणजे श्रीमंतीचे लक्षण, ही कल्पना कायद्याला मान्य नाही. दुर्दैवाने समाजाला ती मान्य असल्याचे दिसते; मिरविण्याच्या हौसेचे मूळ बहुधा तिच्यातच असावे. परवाना नाकारल्यास त्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात आणि त्याविरुद्ध वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत अपील करता येते.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे करण्यात आली. प्रत्येक परवानाधारकाची नोंद आता राष्ट्रीय माहितीसंचात होते व त्याला एक स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता ग्राह्य आहे, म्हणजे जिल्हा, राज्य की संपूर्ण देश, हे परवान्यावरच लिहिलेले असते. पंढरपूरला किंवा तिरुपतीला निघालेला परवानाधारक ही नोंद पाहण्याचे बरेचदा विसरतो, आणि हद्द ओलांडताच त्याचे परवान्याचे शस्त्र बिनपरवाना ठरण्याचा प्रसंग ओढवतो.

पूर्ण आकाराचे पिस्तूल आणि आपला पोशाख

नियम झाकून नेण्यास सांगतो. ते प्रत्यक्षात किती अवघड आहे, हे शस्त्राचा आकार व वजन पाहिल्यावर कळते. पूर्ण आकाराची पिस्तुले मुळात सैनिक व पोलीस यांच्यासाठी घडविली गेली. गणवेशावरील रुंद कमरपट्ट्याला, उघड्यावर, भक्कम म्यानात ती लटकवावयाची असतात. १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले .४५ व्यासाचे प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल २१ सेंटिमीटरहून लांब असून रिकामे असतानाच त्याचे वजन सुमारे १ किलो १०० ग्रॅम भरते. आपल्या सैन्यासाठी व पोलिसांसाठी इच्छापूरच्या रायफल कारखान्यात तयार होत आलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल हे ब्राउनिंगच्या १९३५ च्या नमुन्यावरचे आहे. त्यात तेरा काडतुसे मावतात आणि तेही सुमारे किलोभर वजनाचे आहे. हे ९ मिलिमीटरचे काडतूस निषिद्ध वर्गातील असून सामान्य परवान्यावर मिळत नाही.

सामान्य परवानाधारकाच्या हाती बहुधा असते ते .३२ व्यासाचे शस्त्र, म्हणजे ज्याच्या नळीचा व्यास एक इंचाच्या शेकडा बत्तीस भाग, अर्थात सुमारे आठ मिलिमीटर आहे असे. कानपूर येथे तयार होणारे .३२ चे सहा काडतुसांचे रिव्हॉल्वर सुमारे १७८ मिलिमीटर लांब व सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये तेथूनच बाजारात आलेले ‘निर्भीक’ हे महिलांसाठी म्हणून घडविलेले हलके रिव्हॉल्वर सुमारे अर्धा किलो वजनाचे आहे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याची सात सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली. पुण्याजवळ खडकी येथील १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना तेव्हापासून अशाच एका कंपनीकडे आहे.

शस्त्र जितके मोठे तितके ते नेमके चालविणे सोपे, आणि जितके लहान तितके बाळगणे सोपे, हा यातील मूळ पेच होय. मोठ्या मुठीवर पंजा पुरा बसतो, वजनामुळे गोळी सुटतानाचा धक्का कमी जाणवतो आणि लांब नळीमुळे नेम धरणे सुकर होते. लहान पिस्तूल हातात उसळते व नेम चुकतो. सरावाशिवाय ते चालविणाऱ्यापासून शत्रूपेक्षा शेजाऱ्यालाच अधिक धोका. मोठे पिस्तूल लपविताना अडचण होते ती नळीची नव्हे. नळी कमरेखाली सरळ जाते. बाहेर डोकावते ती मूठ. बसताना, वाकताना, मोटारसायकलवर टांग टाकताना सदरा वर सरकतो आणि मूठ उघडी पडते.

त्यातून आपला ग्रामीण पोशाख या कामासाठी बेतलेलाच नाही. किलोभर वजन तोलून धरण्यास जाड, ताठ चामड्याचा पट्टा लागतो. पायजम्याची नाडी अथवा धोतराचा काचा ते वजन पेलू शकत नाही. पिस्तूल हळूहळू खाली सरकते, तिरपे होते आणि कधी तरी जमिनीवर पडते. म्हणून पुष्कळजण ते जाकिटाच्या खिशात टाकतात किंवा नुसतेच कमरेला खोचतात. या दोन्ही सवयी धोक्याच्या आहेत. खिशातील किल्ली, पेन किंवा नाण्यांची चंची चापाच्या कडीत अडकू शकते. खोचलेले पिस्तूल ओढून काढताना सदऱ्याचा काठ चापात सापडू शकतो. म्यानाचे खरे काम शोभेचे नसून चाप पूर्ण झाकण्याचे आणि शस्त्र जागच्या जागी घट्ट धरून ठेवण्याचे आहे. नियमांत पिस्तुलासाठी अंगावर बांधलेल्या, त्यासाठीच बनविलेल्या म्यानाचा उल्लेख आहे तो यामुळेच. पाठीवरील पिशवीत ते नेण्यासही नियम परवानगी देतो. पण ती पिशवी तहसील कचेरीतील खुंटीला अडकवून साहेबांच्या खोलीत गेलेल्या इसमाचा शस्त्रावर परिणामकारक ताबा राहिला, असे कोणी म्हणणार नाही. एस. टी. च्या फळीवर ठेवलेल्या पिशवीचेही तेच.

पिस्तुलाच्या रचनेसंबंधीचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. मुठीतील काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझीन, काढून घेतली की पिस्तूल रिकामे झाले, असे अनेकांना वाटते. तसे नसते. नळीच्या मागील कप्प्यात चढलेले एक काडतूस तसेच राहते आणि चाप ओढताच, पिस्तुलात मॅगझीन नसतानाही, ते बहुतेक पिस्तुलांतून सुटू शकते. वरची सरक मागे ओढून तो कप्पा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पिस्तूल रिकामे समजू नये. रिव्हॉल्वरचे चक्र बाहेर काढले की सर्व घरे एकदम दिसतात, म्हणून तेथे ही चूक कमी होते. ‘रिकामे’ पिस्तूल मित्राला दाखविताना अपघात घडतो, तो बहुधा या एका काडतुसाने.

कोठे नेऊ नये

परवान्यासोबत छापलेल्या शर्ती वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. त्यांतील एक शर्त अशी की, जिल्हादंडाधिकाऱ्याने विशेष प्राधिकार दिल्याखेरीज परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक जमावात अथवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये. या शर्तीत उघडे शस्त्र आणि झाकलेले शस्त्र असा भेद नाही. ग्रामदेवतेची जत्रा, गणेशविसर्जनाची मिरवणूक, उरूस, ग्रामसभा आणि शाळेचे स्नेहसंमेलन ही सर्व तिच्या कक्षेत येतात. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या सन्माननीय गृहस्थाच्या कमरेला पिस्तूल असेल, तर मुख्याध्यापकाने ते नम्रपणे पण निश्चयाने निदर्शनास आणून द्यावे. पाहुण्यांचा मान ही त्या शर्तीतून सूट नव्हे. पाहुणे ऐकत नसतील तर वाद न घालता पोलीस ठाण्याला कळविणे हाच मार्ग. हुज्जत घालणे किंवा शस्त्राला हात लावण्याचा प्रयत्न करणे सर्वथा टाळावे.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजून दाखविणे नियमांनी निषिद्ध असून त्यामुळे परवाना रद्द होऊ शकतो. वरातीत आनंदाने गोळी झाडण्याच्या प्रकाराविरुद्ध २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र शिक्षा ठेविली आहे. सार्वजनिक मेळावा, धार्मिक स्थळ, विवाह समारंभ किंवा अन्य कार्यक्रमात बेदरकारपणे वा आनंदोत्सवासाठी गोळी झाडून इतरांच्या जीवितास धोका निर्माण केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हवेत सोडलेली गोळी हवेत विरत नाही. ती कोठे तरी खाली येतेच, आणि मांडवाभोवतीच्या घरांवर पत्रे असतात.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये सणासुदीला अथवा तणावाच्या काळात शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढले जातात. ग्रामपंचायतीच्या फलकावर ते लावलेले असतात. परवानाधारकांनी ते वाचणे अपेक्षित आहे. विमानाच्या प्रवासी कक्षात शस्त्र नेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही पिशवीत राहून गेलेल्या काडतुसामुळे विमानतळावर प्रवासी अडकल्याच्या घटना घडतच असतात.

शस्त्र झाकलेले असावे म्हणजे ते गुप्त असावे, असा याचा अर्थ नाही. पोलीस अधिकाऱ्याने मागताच परवाना दाखविला पाहिजे. म्हणूनच परवाना घरी कपाटात आणि पिस्तूल कमरेला, ही व्यवस्था उपयोगाची नाही.

इतर देशांतील दोन टोके

झाकलेल्या शस्त्राविषयी अमेरिकेचा विचार भिन्न वाटेने गेला. तेथे १८१३ मध्ये केंटकी व लुइझियाना या राज्यांनी शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली होती. सज्जन मनुष्य शस्त्र उघड बाळगतो, लपवितो तो कपटी, अशी त्याकाळची धारणा होती. पुढे ती हळूहळू पालटली. फ्लॉरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास परवाना देण्याची पद्धत स्वीकारली, इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले, आणि २०१३ मध्ये इलिनॉय या शेवटच्या राज्यानेही लपवून बाळगण्यास मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये अर्जदाराने विशेष कारण दाखवावे, अशी १९११ च्या कायद्यापासून चालत आलेली अट होती. ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी घटनाविरोधी ठरविली. २०२४ पर्यंत एकोणतीस राज्यांत परवान्यावाचूनही पिस्तूल लपवून बाळगता येऊ लागले. १७९१ च्या घटनादुरुस्तीने तेथे जो हक्क दिला, त्याचे हे आजचे रूप आहे.

ब्रिटन दुसऱ्या टोकाला गेले. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका इसमाने परवान्याच्या पिस्तुलांनी सोळा मुले व त्यांच्या शिक्षिका यांना ठार केले. त्यानंतर १९९७ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये खाजगी व्यक्तीने पिस्तूल बाळगण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. आपला कायदा या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो पिस्तूल नाकारत नाही. मात्र प्रत्येक वेळी कारण विचारतो.

आत्मरक्षणाची मर्यादा

पिस्तूल आत्मरक्षणासाठी दिलेले असते, पण आत्मरक्षणाचा हक्क परवान्यातून निर्माण होत नाही. तो प्रत्येक नागरिकाला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये त्याच्या सीमा आखलेल्या आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, त्याहून अधिक नाही. पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल, तर हा हक्क वापरता येत नाही. मृत्यू घडेपर्यंत प्रतिकार करण्याची मुभा कायद्याने ठरवून दिलेल्या गंभीर प्रसंगांतच आहे. बांधावरून झालेली बाचाबाची किंवा निवडणुकीतील शिवीगाळ हे असे प्रसंग नव्हेत. हातात काठी असलेला मनुष्य भांडणात काठी उगारतो. कमरेला पिस्तूल असलेल्याचा हात कोठे जातो, हे सांगावयास नको. ज्याला लवकर राग येतो अथवा मद्याचे व्यसन आहे, त्याने पिस्तूल घरीच ठेवणे नव्हे, तर परवाना न मागणेच श्रेयस्कर. पोलीस अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्यानेही मिळकतीच्या चौकशीपेक्षा या बाबींची चौकशी बारकाईने करणे इष्ट आहे.

बिनपरवाना शस्त्राची गोष्ट निराळी. गावठी कट्टा बाळगणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. निषिद्ध शस्त्रांसाठी ती सात ते चौदा वर्षे आहे. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर, वाजवी सबबीखेरीज, ती पोलीस ठाण्याला कळविण्याचे बंधन अधिनियमानेच घातले आहे. पोलीस पाटलाचे ते तर कर्तव्यच होय.

घर, निवडणूक आणि वारसा

पिस्तूल अंगावर असते त्यापेक्षा अधिक काळ ते घरात असते. उशीखाली, कपड्यांच्या घडीत अथवा देव्हाऱ्यामागे ठेवलेले शस्त्र मुलांना सापडण्यास वेळ लागत नाही. मुलांना घरातील सर्व चोरजागा ठाऊक असतात, हे शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद पेटीत, काडतुसे दुसऱ्या कुलपाखाली आणि किल्ली परवानाधारकापाशी, ही साधी व्यवस्था पुरेशी आहे. शस्त्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास तत्काळ नजीकच्या पोलीस ठाण्यास कळविणे ही परवान्याची शर्त आहे. बदनामीच्या भीतीने आठ-आठ दिवस गप्प बसणारे लोक आपल्या अडचणीत भरच घालतात. कारण त्या शस्त्राने पुढे गुन्हा घडल्यास पहिली चौकशी त्यांचीच होते.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे जमा करण्याचा प्रश्न येतो. सर्वच परवानाधारकांची शस्त्रे सरसकट जमा करून घेण्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील एका प्रकरणात आक्षेप घेतला गेला. त्यानंतर २००९ पासून निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार छाननी समिती प्रत्येक परवान्याचा आढावा घेते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, तसेच पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, गुंतलेले परवानाधारक यांच्याकडे समिती प्रामुख्याने लक्ष देते. बँकांचे सुरक्षारक्षक व नेमबाज खेळाडू यांना कामापुरती सवलत असते. जमा केलेले शस्त्र निकालानंतर आठवड्याने परत मिळते. ज्याला जमा करण्याची नोटीस मिळाली, त्याने तो आपला अपमान समजू नये आणि ज्याला मिळाली नाही, त्याने ते आपले वजन समजू नये.

परवानाधारकाचे निधन झाल्यावर त्याचे शस्त्र घरात तसेच पडून राहते, हा प्रकार तर अगदी सर्रास आढळतो. वडिलांची आठवण म्हणून ट्रंकेत ठेवलेले रिव्हॉल्वर हे कायद्याच्या दृष्टीने त्या घरातील बिनपरवाना शस्त्र असते. वारसांनी ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि त्यानंतर ठेवण्याची इच्छा असल्यास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. हयातीतच शस्त्र वारसाकडे सोपविण्याची सोयही नियमांत आहे; परवानाधारकाने सत्तर वर्षे वय पूर्ण केले असेल किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर त्यास तसा अर्ज करता येतो. वारसाचे वय, चारित्र्य आणि आवश्यकता यांची चौकशी त्याहीवेळी नव्या अर्जदाराप्रमाणेच होते, आणि दोन शस्त्रांची मर्यादा वारशाने आलेल्या शस्त्रालाही लागू असते.